मुलांना पावती मागायला शिकवा

इंदूरच्या चौथीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, केळ्याची साल गाडीच्या कुठल्या कप्प्यात जाते आणि बिस्किटाचं वेष्टन कुठल्या. लगेच सांगेल. त्यासाठी त्याला धडा पाठ करावा लागला नाही. रोज सकाळी कचरागाडी दाराशी येते, घरातून डबे वेगळे जातात, चुकलं तर गाडीवरचा माणूस तिथल्या तिथे टोकतो. नियम अंगवळणी पडला तो असा. हेच मूल दहावीत सहा मूलभूत हक्क क्रमाने लिहितं, गुणही मिळवतं, पण ८५ वॉर्डांपैकी आपला वॉर्ड कोणता ते त्याला ठाऊक नसतं. पार्षदाचं, म्हणजे नगरसेवकाचं, नाव तर दूरच.

शाळांत कायदा शिकवायचा म्हणजे काय करतात? वर्षातून एकदा शिबिर ठेवतात. पाहुणे, हार, तासाभराचं भाषण, त्यात तीस-चाळीस कलमांचे आकडे, शेवटी फोटो. मुलांच्या हाती काही उरत नाही, कारण त्या तासाभरात त्यांनी स्वतः काहीच केलेलं नसतं. म्हणून आग्रहाने सांगावंसं वाटतं: आठवीपासून पुढे प्रत्येक वर्गाने वर्षाला एकच खरा अर्ज करावा, आणि तो शेवटपर्यंत लावून धरावा.

आठवीसाठी शाळेजवळचा बंद पथदिवा पुरे. महापालिकेच्या ३११ ॲपवर फोटो आणि जागा टाकायची, तक्रार क्रमांक फळ्यावर लिहायचा, रोज एका मुलाने स्थिती बघायची. काम झालं नाही तर राज्य सरकारची सीएम हेल्पलाइन १८१. तिथे तक्रार एल-वन, म्हणजे पहिल्या पायरीच्या अधिकाऱ्याकडून सुरू होते आणि सुटली नाही की एल-फोरपर्यंत वर चढते. इथे हमखास होणारी चूक म्हणजे, ‘समाधान झालं का?’ असा फोन येतो, घरातलं कुणी घाईत ‘हो’ म्हणतं आणि दिवा बंद असतानाच तक्रारही बंद होते. तो फोन कोण घेणार आणि काय सांगणार, हे आधीच ठरवून ठेवा.

नववीत माहितीचा अधिकार. याला पूर्ण सत्र द्यावं, कारण २००५ च्या या कायद्यात नागरिकशास्त्राचं निम्मं पुस्तक प्रत्यक्ष करून बघता येतं. चाळीस मुलांचे आठ गट करा, प्रत्येक गटाने मसुदा लिहावा, वर्गाने एक निवडावा. पहिल्या खेपेला आठांपैकी सात मसुदे असे असतील: ‘आमच्या शाळेसमोरचा रस्ता का उखडला?’ असा अर्ज फुकट जातो. कायद्यातली ‘माहिती’ म्हणजे कार्यालयात जे नोंदीच्या रूपात आहे ते. ‘का’चं उत्तर कुठल्याही फाइलीत लिहिलेलं नसतं, आणि अधिकारी तेवढंच कळवून मोकळा होतो. मुलांनी मागावं ते असं: अमुक चौक ते अमुक चौक या रस्त्याचं १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२५ या काळात जे काम झालं, त्याचा कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), माप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची वही) आणि अंतिम बिल यांच्या प्रती. माप पुस्तिकेत डांबराच्या थराची जाडी असते. ती हाती आली की गणिताच्या शिक्षकांनाही बोलवा.

आता बारीक गोष्टी. मध्य प्रदेशात अर्जाचं शुल्क १० रुपये, प्रतींचे पानाला २ रुपये, आणि गरिबी रेषेखालच्या अर्जदाराला अर्जाचं शुल्क माफ. अर्ज ‘मुख्याध्यापक, अमुक विद्यालय’ या नावाने करू नका. हा हक्क नागरिकाचा आहे, संस्थेचा नाही, आणि त्या कारणावरून अर्ज परत येऊ शकतो. कायद्यात वयाची अट नाही, मुलालाही अर्ज करता येतो. तरीही रस्त्याच्या ठेक्याची माहिती मागताना मुलाचं नाव आणि घरचा पत्ता कागदावर असू नये. शिक्षकाने स्वतःच्या नावाने, शाळेच्या पत्त्यावर मागवावी. कारण लिहायची गरज नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट सांगतं. चुकीच्या कार्यालयात गेला तर तिथल्यांनीच ५ दिवसांत योग्य जागी पाठवायचा असतो.

मग दिवस मोजायचे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर कायद्याने तो नकारच समजतात. त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, शुल्क ५० रुपये. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. दुसरं अपील भोपाळच्या राज्य माहिती आयोगाकडे, ९० दिवसांच्या आत, शुल्क १०० रुपये. पहिले ३० दिवस अर्ज पोचल्याच्या तारखेपासून धरतात, म्हणून पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. अर्ज जुलैतच टाका. जानेवारीत, गॅदरिंग आटोपल्यावर टाकलेला अर्ज परीक्षेत बुडतो, आणि उत्तर येईपर्यंत ती मुलं वर्गात नसतात.

पावतीचा हाच धडा दाखल्यांनाही लागू आहे. मूळ निवासी किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालक लोक सेवा केंद्रात रांग लावतात, तेव्हा मुलाला सोबत न्या. लोक सेवा गारंटी कायदा २०१० सालीच या राज्यात झाला, देशात पहिल्यांदा. पावतीवर दाखला मिळण्याची शेवटची तारीख छापलेली असते. ती विनाकारण टळली तर अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५००० रुपये दंड होऊ शकतो, आणि ती रक्कम अर्जदाराला भरपाई म्हणून देता येते. किती पालक ती तारीख वाचतात?

पोलिसांविषयी शिकवताना आधी जुनी टिपणं बाजूला ठेवा. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. फसवणुकीचं ४२० आता ३१८ झालं, एफआयआरचं १५४ आता नागरिक सुरक्षा संहितेतलं १७३. मुलांना आकडे नकोत, एवढं कळलं तरी खूप: दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास करू शकतात) खबर कुठल्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण चालत नाही, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.

पॉक्सोबद्दल, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याबद्दल, मुलांपेक्षा शिक्षकांना शिकवण्याची गरज जास्त आहे. मुलाने काही सांगितलं तर शाळेने स्वतःची चौकशी समिती बसवू नये, मुलाकडून तेच तेच वदवून घेऊ नये. कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशाशिवाय घ्यायचा असतो. हे माहीत असलं की पालकांची निम्मी भीती जाते. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर हवा. मुलांना आणि स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१००.

दहावी-अकरावीतली मुलं क्लासला स्कूटरवर जातात, त्याबद्दल पालकांना हात जोडून सांगणं आहे. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचा. घरातली स्कूटर ११० सीसीची असते. मुलाने गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. हे मुलांनीच वर्गात वाचून घरी सांगितलं तर जास्त पोचतं.

सतरा पूर्ण झालेल्यांकडून बारावीतच मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरून घ्या. अठरा पूर्ण झाली का हे बघण्याच्या पात्रता तारखा आता वर्षात चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर.

आणि आपल्या मराठी घरांसाठी एक. शाळेची सहल महूला बाबासाहेबांच्या जन्मस्थळी जाते, तेव्हा त्याच संविधानातला अनुच्छेद ३५० मुलांना वाचून दाखवा. गाऱ्हाणं संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कुठल्याही भाषेत मांडता येतं. व्यवहारात हिंदी अर्ज लवकर हलतो, म्हणून तोच द्यावा. पण मसुद्यावरची चर्चा मराठीत होऊ द्या, मुलं जास्त नेमकं विचारतात.

प्रत्येक वर्गाची एक फाइल ठेवा: अर्ज, पोच, उत्तर, अपील, तारखांसकट. नववीत टाकलेल्या अर्जाचं अपील दहावीत सुनावणीला आलं, तर त्याच मुलांपैकी दोघांना शिक्षकांबरोबर तिथे पाठवा. फाइल त्यांच्याच हातात द्या.