आईची अहिराणी 'बिघडलेली मराठी' नाही, काका

गेल्या महिन्यात आई फोनवर माझ्या मुलाला म्हणाली, "बाळा, तू जेवण केलेस का?" पोराने फोन माझ्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "आजी रागावलीय का?" धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात जन्म गेलेल्या या बाईचा फोन एरवी आमच्या खानदेशच्या अहिराणीत, "काय करी ऱ्हायना रे बापू?" असा सुरू होतो. खोदून विचारलं तेव्हा कळलं, काकांनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकलाय: 'नातवंडांशी गावठी बोलू नका.' पाच मुद्दे, शेवटी जोडलेले हात आणि 'जनहितार्थ'. नंतर तोच मेसेज सोसायटीच्या ग्रुपवरही फिरत आला. तेव्हा काका, वाईट वाटून घेऊ नका, पण आता बोलावंच लागेल.

पहिला मुद्दा, 'अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी म्हणजे अशिक्षितांनी बिघडवलेली मराठी.' बाकीच्यांचं त्यांची माणसं बोलतील, मी अहिराणीपुरतं सांगतो. ग्रियर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली. तिच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ साली निघाला. त्यात खानदेशी (अहिराणी तिच्यातच धरतात) आहे भिल्ली भाषांच्या सोबत. मराठीचा खंड वेगळा, सातवा. जनगणनेतही खानदेशी मराठीत मोजत नाहीत, तिची नोंद स्वतंत्र असते आणि अहिराणी तिच्याखाली येते. आता कुणी म्हणेल, अहिराणीला मराठीची बोली मानणारे अभ्यासकही आहेत. आहेत, आणि तो वाद अभ्यासकांनी खुशाल घालावा. पण बोली म्हटलं तरी 'बिघडलेली' कुठून आलं? माझा म्हणजे 'मना', मला म्हणजे 'माले', मी करीन म्हणजे 'मी करसू', डोळा म्हणजे 'डोया'. 'ळ'चा 'य' होतो तो लहर लागली म्हणून होत नाही. काळा 'काया' होतो, जळगाव 'जयगाव' होतं. बिघाड इतका नेमाने होत नसतो.

दुसरा मुद्दा, 'दोन भाषांनी मुलाचा मेंदू गोंधळतो, बोलायला उशीर होतो.' हे धादांत खोटं आहे. मूल उशिरा बोलत असेल तर त्याचे कान तपासून घ्या, आजीचं तोंड बंद करू नका. गुजरातच्या सीमेवरची आमची माणसं तीन-तीन भाषांत सौदे करतात, गोंधळ झालाच तर समोरच्याचा होतो.

तिसरा, 'मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आता शुद्धच बोला.' दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ला मिळाला, हे खरं. पण त्यासाठी ज्या पुराव्यांवर भिस्त होती त्यांत गाथासप्तशती या प्राचीन काव्यसंग्रहाची महाराष्ट्री प्राकृत होती. त्या काळच्या पंडितांच्या लेखी संस्कृतच थोर, प्राकृत म्हणजे साध्या माणसांचं बोलणं. म्हणजे ज्याच्या जोरावर दर्जा मिळाला, तेही त्या काळचं 'गावठी'च.

आता चौथा. राग येतो तो याचाच. 'बोलीला लिपी नाही, त्यामुळे तिच्यात ज्ञान साठत नाही.' लिपीचं म्हणाल तर मराठी आणि नेपाळी दोन्ही देवनागरीतच लिहितात, अहिराणीही तीतच लिहिली जाते. आणि ज्ञान? काका, तुम्ही पांझरा नदीच्या काठी वाढलात. पाणी वाटून घ्यायची फडपद्धत विसरलात? नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या आणि चाऱ्यांवर फड, म्हणजे शेतांचे गट. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी कमी झालं तर त्या हंगामात कमी फड भिजवायचे. म्हणजे तोटा एकट्या शेवटच्या माणसावर पडत नाही, सगळ्यांच्या वाट्याला सारखा येतो. पाणी पाटकरी सोडणार, पिकाची राखण जागल्या करणार, दोघांना गाव धान्य देणार. पंप नाही, मीटर नाही, पाणी उतारानेच वाहतं. शेकडो वर्षं हे चाललं ते कुठल्या पुस्तकावर? कोणाची पाळी, कोणाची चूक, पाट कधी साफ करायचा, सगळं तोंडी आणि याच 'गावठी' भाषेत. आज पाण्याच्या समन्यायी वाटपावर परिसंवाद भरतात, त्यांत आपल्या फडाचं उदाहरण देतात. आणि आपण म्हणायचं, तिच्यात ज्ञान साठत नाही!

आपल्याच भागातल्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्यांनी रचलेलं मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवलं म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. (त्यांची बोली लेवा गणबोली, म्हणजे लेवा समाजाची. मेसेजचं उत्तर म्हणून त्यांना 'अहिराणी कवयित्री' म्हणणारेही चुकतात, तेवढं सांगून ठेवतो.) आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

एक मान्य करतो, मन मारून. जुनं ते सगळं शहाणपण नव्हे. कावीळ झाली की डागायचं, साप चावला की आधी मांत्रिक, हेही याच बोलीतून आलं आणि ते गेलंच पाहिजे. पण डागणं बंद करायला भाषा बंद करावी लागत नाही, उलट दवाखान्यात चला हे आजीला तिच्या भाषेत सांगावं लागतं.

पाचवा मुद्दा, 'शाळेत हसतात.' हसतात. मलाही हसले होते. सहावीत 'माले' म्हणालो, तर वर्ग महिनाभर मला माले म्हणत होता. प्रमाण मराठी यायलाच हवी, परीक्षेला आणि अर्जाला तीच लागते. पण चूक हसणाऱ्यांची, आणि गप्प करायचं आजीला? २००१च्या जनगणनेत खानदेशी सांगणारे २० लाखांवर होते, २०११मध्ये १८ लाख ६० हजार उरले. खानदेशातली माणसं तर कमी झाली नाहीत. कितीतरी घरांत 'मातृभाषा?' विचारल्यावर कुणीतरी खाली बघून 'मराठी' म्हणालं असणार.

हे सगळं परवा आईला फोनवर वाचून दाखवलं. फडाचं ऐकताना मध्येच थांबवून म्हणाली, जागल्याला धान्य कापणीनंतर द्यायचे, आधी नाही, तेवढं घाल. सांगितलं मात्र अहिराणीतच. मग मुलाला फोन दिला, तर पुन्हा "जेवण केलेस का?"