काळा किल्ला फक्त बसच्या पाटीवरच ठेवायचा का?

डोकं अजून तापलंय, म्हणून आजच लिहितोय.

भाचीला शाळेत किल्ल्यांवर प्रकल्प करायचाय. वर्गातली सगळी पोरं रायगड, नाहीतर प्रतापगड करतायत. म्हटलं, चल, आपण धारावीतला काळा किल्ला करू, मिठी नदीच्या काठचा. रविवारी सकाळी बेस्टच्या काळा किल्ला बस डेपोपाशी उतरलो आणि एकाला विचारलं, किल्ला कुठंय? "हाच की काळा किल्ला!" अहो, डेपो नको, किल्ला हवाय. तो नुसता बघतच राहिला. पुढच्या दोघांचंही तेच. शेवटी एका चहावाल्याने बोळ दाखवला.

बोळातून गेलो तर भिंतीला टेकून भंगाराच्या गोण्या, थर्माकोल, फुटकी कमोडं. पायाखाली काय आहे ते बघवत नव्हतं. भिंतीत शिलालेख आहे, गव्हर्नर जॉन हॉर्नच्या हुकमावरून १७३७ साली बांधल्याचा. त्याच्या बाजूच्या सांध्यात कुणीतरी खिळा ठोकून वायर ओढलीये. पोरीने एका हाताने नाकाला रुमाल धरला आणि दुसऱ्या हाताने ती अक्षरं वहीत उतरवली. मग म्हणाली, "मामा, आत कुठून जायचं?" काय सांगणार? दरवाजा सापडेना. शिडी लावून भिंतीवरून उतरावं लागतं म्हणे. बाहेरूनच परत आलो.

१७३७ म्हणजे कसलं वर्ष, माहितीये का? त्याच साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेतलं, साष्टी घेतली. दोन वर्षांनी चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. म्हणजे मिठीच्या अलीकडे इंग्रज आणि पलीकडे आपली माणसं! हे पाणी ही सरहद्द होती. शिवचा किल्ला, हा काळा किल्ला, माहीमचा किल्ला, ही सगळी त्या पाण्यावरची राखण. शिवचा तर त्याच्याही आधीचा, इंग्रज गव्हर्नर जेरार्ड आँजिएच्या काळातला. एका दिवसात पोरांना तिन्ही दाखवता येतील, इतके जवळ आहेत. पण कुठल्या शाळेची सहल येते इथे? आणि आली तर उभी कुठे करणार, त्या गोण्यांवर?

आणि कृपा करून मिठीला नाला म्हणणं बंद करा. माझ्या डोक्यात जातं ते. नदी आहे ती! विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन माहीमच्या खाडीपर्यंत येते. २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कळलंच ना सगळ्यांना ती नदी आहे ते? माझ्या मावशीच्या घरात कमरेएवढं पाणी होतं. दोन दिवस माळ्यावर काढले त्यांनी. तरी आजही लोकल माहीम सोडून वांद्र्याकडे निघाली की लोक नाक दाबतात आणि "नाला आला" म्हणतात. एकदा नाला म्हटलं की मग त्यात काहीही टाकायला मोकळे, आणि काठावर काय उभं आहे ते बघायची गरजच नाही.

मागच्या वर्षी मी लेखी तक्रार दिली होती. एका कार्यालयाने सांगितलं, जागा आमच्या अखत्यारीत नाही. त्यांनी ज्यांच्याकडे पाठवलं त्यांनीही तेच सांगितलं. दोन्हीकडे पोच घेतलीये, ठेवलीये जपून. कोणाच्याच अखत्यारीत नाही तर मग किल्ला काय आभाळातून पडला?

मी राजवाडा बांधा म्हणत नाही. कचरा उचला. वायर काढा. आत जायला धड जिना करा. डेपोच्या बाहेर बाण काढून मराठीत एक पाटी लावा, की किल्ला इकडे आहे. रोज बसच्या कपाळावर त्याचं नाव लिहून शहरभर फिरवता, तर एवढं तरी करा!

सोमवारी पुन्हा अर्ज देतोय, या वेळी फोटो जोडून. धारावी, शिव, माहीमकडचे कोणी सही करायला तयार असतील तर सांगा, मी घरी येऊन घेतो.