नव्या लॅपटॉपला ॲस्ट्रो कॅमेरा चालत नाही म्हणे! आधी वायर बदलून बघा

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चौघांनी पाठवला, एक लातूरचा, एक परभणीचा, बाकीचे दोन आमच्या बीडचेच. मजकूर थोडक्यात असा की विंडोज ११ च्या लॅपटॉपला दुर्बिणीचे कॅमेरे चालतच नाहीत, मायक्रोसॉफ्टनं ते बंद केलेत, टाईप-सी पोर्टला पॉवर कमी असते, म्हणून मेमरी इंटिग्रिटी (विंडोजची एक सुरक्षेची सोय) बंद करा नाहीतर विंडोज ७ चा जुना डबा शोधून आणा. ह्यात दाणे दोन-चार, बाकी भुसकट.

मायक्रोसॉफ्टनं बंद केलं ह्याला पुरावा काय, तर कॅमेरा लावला, विंडोजचं कॅमेरा ॲप उघडलं आणि काहीच दिसलं नाही. अरे बाबा, बहुतेक ॲस्ट्रो कॅमेरे त्या ॲपात दिसतच नसतात! हल्लीचा वेबकॅम यूव्हीसी नावाच्या ठरलेल्या पद्धतीनं बोलतो, हे कॅमेरे तसं बोलत नाहीत, त्यांना कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे कॅमेऱ्याची भाषा विंडोजला समजावणारं सॉफ्टवेअर, लागतो आणि वर शार्पकॅप, फायरकॅप्चर असलं चित्र टिपणारं काहीतरी. डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या वस्तूंची यादी) उघडा, वायर काढून परत लावा आणि यादी हलते का तेवढं बघा. हलली तर लॅपटॉपला कॅमेरा कळलाय, पुढं ड्रायव्हर तपासा. ढिम्म राहिली तर विंडोजला शिव्या देण्यात अर्थ नाही, वायर आणि पोर्ट बघा. आणि एका सॉफ्टवेअरनं कॅमेरा धरलेला असताना दुसऱ्यात उघडायला गेलात तर एरर येणारच.

आता ह्यातला खरा दाणा. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे, त्यामुळं ज्या जुन्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर ३२ बिटवरच थांबला तो तिथं चालत नाही. पण म्हणून भंगारात कामून टाकायचा? फिलिप्सच्या टूयूकॅमसारख्या जुन्या वेबकॅमचा ड्रायव्हर लिनक्स ह्या विंडोजसारख्याच दुसऱ्या सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यातच आहे, पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा, लॅपटॉप तोच.

टाईप-सीचं तर लई हसू आलं. मागच्या हिवाळ्यात धारूरच्या डोंगरात गेलो होतो, गुरू मस्त वर आलेला, भाच्याचा नवाकोरा लॅपटॉप, माझा टाईप-सी सॉकेटचा छोटा गाईड कॅमेरा (दुर्बीण ताऱ्यावर धरून ठेवायला लागतो तो), आणि त्याची वायर राहिली घरी. भाच्यानं मोबाईलच्या चार्जरची वायर लावली, यादीत काहीच येईना. "मामा, विंडोज ११ आहे ना, म्हणून." मी पण वीसेक मिनिटं ड्रायव्हर काढ-घाल करत बसलो, खोटं कशाला बोलू. शेवटी ड्रायव्हरच्या (हा जीपचा ड्रायव्हर!) मोबाईलची वायर मागून घेतली, लावली, लगेच टुंग. पहिल्या वायरीत नुसत्या चार्जिंगच्या तारा होत्या, डेटाच्या नव्हत्याच.

पॉवरचं म्हणाल तर यूएसबी २ चा हिशोब ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३ चा ९००, टाईप-सी पोर्टनं नियमाप्रमाणे तेवढी तरी द्यायचीच असते, जास्तही देऊ शकतो. कूलिंगवाल्या कॅमेऱ्याचं कूलिंग तर वेगळ्या १२ व्होल्टवर चालतं, त्याचा लॅपटॉपच्या पोर्टशी संबंधच नाही. मग काही वस्तू टाईप-सीला खरंच का चालत नाहीत? कारण स्वस्त उपकरणात सॉकेटमागचे दोन बारके रेझिस्टर टाकलेलेच नसतात, सी-टू-सी वायर लावली की लॅपटॉपचा पोर्ट त्या रेझिस्टरची वाट बघत पॉवरच सोडत नाही, तीच वस्तू ए-टू-सी (एका टोकाला जुना चपटा यूएसबी) वायरवर गुपचूप चालते. आणि आपल्याकडच्या फुफाट्यात अजून एक गंमत, प्लग एका बाजूनं लावला तर चालत नाही, उलटा करून लावला की चालतो. म्हणजे बहुतेक पिनांत धूळ.

मेमरी इंटिग्रिटी बंद करा हा सल्ला मला पटत नाही. ती जुने, कच्चे ड्रायव्हर अडवते हे खरंय, पण कोणता ड्रायव्हर अडला त्याची यादी विंडोज सिक्युरिटीत, कोअर आयसोलेशनच्या पानावर मिळू शकते. त्याचा नवा ड्रायव्हर कंपनीच्या साईटवरून टाका. घराला कुलूप लागेना म्हणून कोणी दारच काढून ठेवतं का?

फ्रेम (सेकंदाला मिळणारी चित्रं) कमी येतात, मधूनच कॅमेरा सुटतो, हेही ११ च्या नावावर खपवलंय. साधा हिशोब करा: १२८० बाय ९६० ची ८ बिट फ्रेम म्हणजे साधारण १२ लाख बाइट, यूएसबी २ मधून प्रत्यक्षात सेकंदाला ३५-४० मेगाबाइट जातात, म्हणजे तीसेक फ्रेम, मग विंडोज कोणतंही असो. सगळं फील्ड कशाला घेता, गुरूपुरता चौकोन कापा, फ्रेमा वाढतील. कॅमेरा सुटतो तो बऱ्याचदा लॅपटॉप पॉवर वाचवायला पोर्ट झोपवतो म्हणून. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ती टिक काढा. १० मीटरची साधी वायर ओढली असेल तर मात्र बोलूच नका, यूएसबी २ ला ५ मीटर ही हद्द आणि ३ ला तीनेक मीटरच धरून चाला.

राहिला विंडोज ७ चा डबा. त्याचे अपडेट जानेवारी २०२० लाच थांबले, नेट न लावता नुसता कॅमेऱ्यापुरता ठेवायचा तर ठेवा, माझी ना नाही. पण शेतातल्या टू-पिन बोर्डावर चार्जर लावून वापरत असाल आणि दुर्बिणीच्या नळीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर ते अर्थिंग नसल्यामुळं आहे, लॅपटॉप बॅटरीवर चालवा.

आणि नवा लॅपटॉप घेणारच असाल तर एक बघा, जे मेसेजमध्ये नाहीच: स्नॅपड्रॅगनवाला, म्हणजे एआरएम प्रोसेसरचा आहे का. त्याला ड्रायव्हरही एआरएमसाठीच बनवलेला लागतो, नेहमीचा इंटेलवाला चालत नाही. दुकानात सेटिंगमध्ये सिस्टिम टाईप उघडून वाचा, नाहीतर सरळ कॅमेरा खिशात घालून घेऊन जा आणि तिथंच लावून बघा. वायर स्वतःची न्या.