छोट्या डिस्ट्रिक्टचे मोठे जाणकार कसे व्हावे

मिशिगनमध्ये नोकरी लागलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला डेट्रॉइटजवळच्या नोवाय किंवा ट्रॉयमध्येच घर मिळते असे नाही. कोणी आडगावच्या इस्पितळात डॉक्टर म्हणून जातो, कोणी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून, आणि त्यांच्या वाट्याला बालवर्गापासून बारावीपर्यंत मिळून आठ-नऊशे मुलांचे डिस्ट्रिक्ट, म्हणजे गावच्या सरकारी शाळांचा एकत्र कारभार, येते. मग मंडळाच्या गणपतीत कोणी ‘तुमच्याकडच्या शाळा कशा आहेत हो?’ असे विचारले की पंचाईत होते. प्रस्तुत लेख त्या पंचाईतीवरचा उपाय आहे. येथे दिलेला सल्ला निष्ठेने पाळल्यास शाळेच्या इमारतीत पाऊलही न ठेवता तुम्हाला तिच्याविषयी ठाम मत बाळगता येईल.

सर्वांत आधी, घरे विकणाऱ्या संकेतस्थळावर शाळेच्या नावापुढे जो दहापैकी अंक दिसतो तो पाठ करावा. तो कोणत्या वर्षाचा आहे आणि कशावरून काढला आहे याच्या खोलात शिरू नये. खोलात शिरलेल्या माणसाला ठाम बोलता येत नाही, आणि पंगतीत ठाम बोलणाऱ्याचेच ऐकतात.

पैशाच्या बाबतीत ‘आम्ही एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरतो’ हे तुमचे हुकमी वाक्य असावे. ते टिकवायचे तर १९९४ हे साल विसरणे आवश्यक आहे. त्याआधी येथील शाळा मुख्यतः स्थानिक मालमत्ता करावर चालत, आणि गावाने मतदानात कर नाकारला की शाळेचे हाल होत. उत्तरेकडच्या कॅल्कॅस्का या छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये मतदारांनी वारंवार नकार दिल्यावर मार्च १९९३ मध्येच, वर्ष संपायला दोन महिन्यांहून अधिक काळ उरलेला असताना, शाळांना कुलूप लागले आणि गावाचे नाव देशभर गाजले. त्याच वर्षी विधिमंडळाने शाळा चालवण्यासाठीचा स्थानिक कर रद्द केला; मार्च १९९४ मध्ये मतदारांनी ‘प्रपोजल ए’ मंजूर केले, विक्रीकर ४ टक्क्यांवरून ६ टक्के झाला, आणि एका विद्यार्थ्यामागे किती पैसे मिळणार हे लॅन्सिंग या राज्याच्या राजधानीत ठरू लागले. शाळेच्या रोजच्या खर्चासाठी १८ मिलचा (मिल म्हणजे करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरांमागे एक डॉलर) जो स्थानिक कर उरला, तो दुकाने, कारखाने आणि तळ्याकाठच्या सुट्टीतल्या घरांवर लागतो. तुम्ही स्वतः राहता त्या घराला त्यातून सूट आहे. राहत्या घरावरचा ६ मिलचा शिक्षणकर थेट राज्याकडे जातो. तेव्हा कराचे बिल हातात घेऊन गावातल्या सुपरिंटेंडेंटला, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याला, जाब विचारण्यापूर्वी हा परिच्छेद विसरून जावा, अन्यथा आवाज हवा तसा चढत नाही.

इमारतींचा पैसा मात्र आजही गावाच्या मतदानातून उभा राहतो, आणि संतापण्याची उत्तम सोय येथेच आहे. बाँड, म्हणजे इमारतींसाठीचे कर्ज, मंजूर होतो, नवे व्यायामगृह बांधले जाते, आणि त्याच उन्हाळ्यात संगीताच्या शिक्षिकेला नारळ मिळतो. बाँडच्या रकमेतून पगार देण्यास कायद्याने मनाई आहे, याचा उल्लेख न करता ‘जिमला पैसे आहेत, शिक्षिकेला नाहीत’ एवढेच फेसबुकवर लिहावे. हवे असल्यास डिस्ट्रिक्टच्या एकूण खर्चाला मुलांच्या संख्येने भागून येणारा आकडाही जोडावा. निवृत्तिवेतनाच्या जुन्या देण्यापोटी राज्य काही रक्कम डिस्ट्रिक्टच्या खात्यात टाकते आणि ती तशीच पेन्शन योजनेत परत जाते, तरी हिशेबात ती उत्पन्नातही दिसते आणि खर्चातही. त्यामुळे दरडोई आकडा कसा छान गुबगुबीत येतो.

आता पटसंख्येकडे वळू, कारण खरी करमणूक तेथे आहे. मिशिगनमध्ये मुलांची मोजणी वर्षातून दोनदा होते, ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी आणि फेब्रुवारीच्या दुसऱ्या बुधवारी. या दिवसाला काउंट डे म्हणतात. चालू वर्षाच्या ऑक्टोबरच्या मोजणीला ९० टक्के आणि आधीच्या फेब्रुवारीच्या मोजणीला १० टक्के वजन देऊन अनुदान ठरते. राज्याचा दरडोई फाउंडेशन अलाउन्स २०२३-२४ मध्ये ९,६०८ डॉलर होता, म्हणजे त्या एका बुधवारी वर्गात बसलेले प्रत्येक मूल साडेनऊ हजार डॉलरांचे होते. म्हणूनच त्या दिवशी कोठे पिझ्झा असतो, कोठे आइस्क्रीम, कोठे लाह्या आणि सोडत, आणि कार्यालयातल्या बाई सकाळपासून गैरहजर मुलांच्या घरी फोन लावत असतात. तो फोन आल्यावर ‘मुलांच्या शिक्षणापेक्षा यांना पैशाची काळजी’ असे म्हणण्यास विसरू नये.

ऑक्टोबरचा पहिला बुधवार पुष्कळदा नवरात्राच्या आसपास येतो. आजोबांचे सहस्रचंद्रदर्शन याच सुमारास ठरवून मुलांना तीन-चार आठवडे पुण्याला न्यावे आणि शाळेला कळवू नये. मोजणीच्या दिवशी विनापरवानगी गैरहजर असलेले मूल पुढच्या १० शालेय दिवसांत वर्गात परतले नाही तर ते धरले जात नाही. परवानगी घेतलेली असेल तर ३० दिवसांची मुदत मिळते. त्यासाठी एक ईमेल पुरते, पण एवढ्या क्षुल्लक कामासाठी बॅगा भरायच्या सोडून कोण बसणार? परतल्यावर ‘यंदा ऑर्केस्ट्रा का नाही?’ हे विचारण्याचा तुमचा अधिकार अबाधित राहतो.

अंदाजपत्रक हा विषय तुमच्यासारख्या व्यवहारी माणसाला हसण्यासाठीच निर्माण झाला आहे. डिस्ट्रिक्टचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, त्यामुळे बजेट जूनअखेर मंजूर करावे लागते. राज्याचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते, आणि मुले मोजली जातात ती त्यानंतर. थोडक्यात, माथी किती आणि एका माथ्यामागे डॉलर किती, हे दोन्ही निश्चित नसताना छोट्या गावची बिझनेस मॅनेजर त्यांचा गुणाकार करून बोर्डापुढे ठेवते. २०२५ साली शाळांच्या अनुदानाच्या विधेयकावर गव्हर्नरांची सही व्हायला ऑक्टोबर उजाडला. शिवाय राज्याचे हप्ते ऑक्टोबर ते ऑगस्ट असे अकराच येतात; सप्टेंबरात शाळा भरते, बस धावते, पगार होतात आणि हप्ता येत नाही, म्हणून अनेक डिस्ट्रिक्ट चक्क कर्ज काढतात. यावर तुम्ही ‘आमच्या कंपनीत असे चालवून घेतले नसते’ असे म्हणावे. ते खरेही आहे; तुमच्या कंपनीने हा धंदाच घेतला नसता.

मुले कमी झाली की खर्चही कमी झाला पाहिजे, हे तत्त्व तोंडपाठ असू द्यावे. समजा, यंदा १५ मुले घटली. वरच्या ९,६०८ च्या हिशेबाने १,४४,१२० डॉलर गेले, म्हणजे एका शिक्षकाचा पगार, विमा आणि पेन्शन भागून वर काही उरेल इतकी रक्कम. परंतु ही १५ मुले एका वर्गातून गेलेली नसतात; तेरा इयत्तांमधून कोठे एक, कोठे दोन अशी गळतात. चौथीत २४ ऐवजी २३ मुले उरली म्हणून चौथीची शिक्षिका २३ चोविसांश होत नाही, आणि बसलाही एका घरासमोर कमी थांबल्याने फारसे डिझेल वाचत नाही. हा हिशेब कोणी मांडू लागल्यास ‘एफिशियन्सी’ हा शब्द उच्चारून विषय संपवावा. शेजारच्या डिस्ट्रिक्टने हमरस्त्यावर ‘आमच्याकडे या’ असा फलक लावलेला असतो. १९९६ पासून ‘स्कूल्स ऑफ चॉइस’खाली सीमेपलीकडच्या शाळेत मूल घालता येते आणि पैसा मुलाच्या पाठोपाठ जातो. तेव्हा आपल्या शाळेत कार्यक्रम कमी झाले म्हणून मूल पलीकडे घालावे आणि पुढच्या वर्षी आणखी कार्यक्रम कमी झाले की ‘मी म्हटलेच होते’ असे सांगावे. सॅगिनॉजवळच्या ब्यूना व्हिस्टामध्ये ही घसरण शेवटपर्यंत गेली. जो कार्यक्रम आता चालवला जात नव्हता त्यासाठी घेतलेली रक्कम वसूल करायला राज्याने हप्ते अडवले, मे २०१३ मध्ये पैसे संपून शाळा बंद पडल्या, आणि जुलैत इंकस्टर या दुसऱ्या डिस्ट्रिक्टबरोबर ते डिस्ट्रिक्टच बरखास्त होऊन मुले शेजाऱ्यांत वाटली गेली. तेथेही ठाम मते असणारे लोक भरपूर असणार.

परीक्षेच्या निकालांवर फार वेळ घालवायचे कारण नाही. तिसरीत ६० मुले असतील तर तीन मुलांनी एम-स्टेप या राज्याच्या परीक्षेच्या काठावर अलीकडे-पलीकडे उडी मारली की निकाल ५ टक्क्यांनी हलतो. वाढला तर ‘आपल्या मुलांमुळे’ आणि घटला तर ‘नव्या प्रिन्सिपलमुळे’, एवढी दोन कारणे दहा वर्षे पुरतात.

राज्याच्या ‘एमआय स्कूल डेटा’ या संकेतस्थळावर मात्र एकदा जरूर जावे, कारण तेथे तुमच्या कुटुंबाचा विशेष मान राखलेला आहे. गटात दहापेक्षा कमी मुले असली की त्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून आकडा झाकतात. तुमच्या गावातल्या चौथीच्या ‘एशियन’ या ओळीत त्यामुळे केवळ ‘<१०’ असे दिसेल. आता चौथीत एशियन मुले आहेत दोन, एक तुमची ईशा आणि दुसरा दंतवैद्यांचा मुलगा. हे पोस्टमनला, बसच्या ड्रायव्हरला आणि किराणा दुकानातल्या बाईंना ठाऊक आहे, आणि ईशाला गणितात किती पडले हे तिच्या आईने स्वतःच मंडळाच्या ग्रुपवर टाकलेले आहे. तरीही गोपनीयतेचा हा सन्मान पाहून ऊर भरून यावा.

बारावी पूर्ण करणाऱ्यांच्या टक्केवारीत तर तुम्हाला प्रत्यक्ष हातभार लावता येतो. नववीत दाखल झालेली मुले चार वर्षांत बाहेर पडली का, असा तो हिशेब आहे. गाव सोडून गेलेले मूल दुसऱ्या शाळेत दाखल झाल्याचा लेखी पुरावा असेल तरच ते या हिशेबातून वगळता येते. तेव्हा व्हिसाला कंटाळून तुम्ही सहकुटुंब कोथरूडला परत जाल तेव्हा दाखल्याचा कागद शाळेला मुळीच पाठवू नये. तुमचा चिरंजीव फर्ग्युसनमध्ये बारावीचा अभ्यास करत असेल, आणि मिशिगनातल्या ६० जणांच्या तुकडीत तो शिक्षण अर्धवट सोडलेल्यांत जमा होऊन निकाल १.६७ टक्क्यांनी खाली आणत असेल.

राहिली बजेटची जाहीर सुनावणी. ती बजेट मंजूर होण्याआधी, म्हणजे बहुधा जूनमध्ये होते. तिची सूचना किमान सहा दिवस आधी स्थानिक वर्तमानपत्रात छापावी लागते, आणि तुम्ही ते वर्तमानपत्र घेत नाही, हे उत्तमच आहे. त्या संध्याकाळी लायब्ररीत मांडलेल्या खुर्च्यांवर बोर्डाचे सभासद, बिझनेस मॅनेजर आणि एखादा निवृत्त शिक्षक एवढेच असतात. वर लिहिलेले सारे आकडे एका कागदावर छापून टेबलावर ठेवलेले असतात, ‘काही प्रश्न?’ असे दोनदा विचारले जाते आणि सुनावणी आटोपते. तुम्ही तिकडे फिरकू नये. ऑगस्टमध्ये बॅंडचा तास गेल्याचे पत्र घरी आले की लगेच पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहावे : ‘कोणालाही न विचारता हे निर्णय घेतात कसे?’