म्हणे, सगळं क्लाउडमध्ये असतं!

गणेश चवथ तोंडावर आली की आमच्या गोव्यातल्या मये गावच्या वाड्याच्या ग्रुपवर माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीच्या, सामानाचे भाव फिरू लागतात. यंदा त्यांच्यासोबत हा फॉरवर्डही फिरला: ‘मोबाइल भरला? व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बिनधास्त उडवा. मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर कायम असतात. अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं की जसंच्या तसं परत येतं. क्लाउड फुकट आहे, एकदा बॅकअप घेतला की झालं.’

सर्व्हरचं आधी घेऊ. मेसेज समोरच्याला पोचेपर्यंतच तो तिथे थांबतो. त्याचा फोन बंद असेल तर फार तर 30 दिवस, पोचला की पुसला जातो. पोस्टमन कधी पत्रांच्या नकला घरी ठेवतो का?

‘जसंच्या तसं परत येतं’ हे मात्र जास्त घातक, कारण त्यात अर्धं खरं आहे. परत येतो तो शेवटचा बॅकअप, तोही तोच नंबर आणि तेच गूगल खातं असेल तर. आमच्या काकीने फॉरवर्ड वाचून संध्याकाळी जावेसोबतचं अख्खं चॅट साफ केलं. त्यातच माटोळीची यादी होती: कुठल्या कोपऱ्यात तोरिंग, आंबाड्यांचे घोस कुठे, सुपारीची शिपटं किती. तिचा बॅकअप रोजचा. रात्री दोनच्या सुमारास तो ठरल्याप्रमाणे झाला, म्हणजे साफ केलेल्या चॅटचा. गूगल ड्राइव्हवर एकच, ताजी प्रत राहते. जुनीवर नवी बसली. सकाळी काकीने अ‍ॅप काढून परत टाकलं आणि मग मला हाक मारली. अँड्रॉइड फोनमध्ये गेल्या सात दिवसांच्या बॅकअप फाइली वेगळ्या असतात. अ‍ॅप काढायच्या आधी बोलली असती तर आदल्या दिवसाची फाइल बाजूला काढता आली असती.

गूगल फोटोजचंही तेच. बॅकअप झालेला फोटो त्या अ‍ॅपमधून उडवला की क्लाउडमधूनही जातो. कचरापेटीत 60 दिवस असतो, एवढाच दिलासा.

फुकट? 2018 पासून काही वर्षं अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप गूगलच्या जागेत मोजला जात नव्हता. फॉरवर्ड लिहिणारा बहुतेक तिथेच अडकलाय. 2024 पासून तो जीमेल आणि फोटोजसोबत त्याच 15 जीबीत मोजतात. आयफोनवाल्यांच्या आयक्लाउडवर फुकट जागा फक्त 5 जीबी. घुमट आरतीचे दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ बॅकअपमध्ये गेले की ती कधी संपते कळत नाही आणि गूगलची जागा भरली की मेल यायचे बंद होतात. बॅकअपच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ बंद ठेवा, हवे तेवढे पेनड्राइव्हवर घ्या.

‘एकदा घेतला की झालं’वर काय बोलायचं! मार्चमधल्या बॅकअपमध्ये मार्चपर्यंतचंच असणार. आणि त्याला पासवर्ड लावलात तर वहीत लिहून ठेवा, विसरलात तर कंपनीलाही तो उघडता येत नाही.

फोन भरतो हे खरंच. पण जागा खातात ते सुप्रभातचे व्हिडिओ, काकीची यादी नव्हे. सेटिंगमध्ये स्टोरेजच्या पानावर 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइली आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्या गोष्टी वेगळ्या दिसतात. त्या काढा, चॅटला हात लावू नका.

यादी शेवटी म्हापशाच्या जावेकडे मिळाली. काकीने आपल्या फोनवरून पुसलं म्हणून तिच्या फोनवरून थोडंच जातं? आणि ती फॉरवर्ड वाचतच नाही.