फुकटच्या पैशाने माणूस काम सोडतो का?

‘दरमहा फुकट पैसे मिळू लागले की माणसे काम सोडतात, पैसा दारूत जातो, देशाला हे परवडत नाही, आणि यंत्राने काम गेले तरी कष्टाळू माणसाला दुसरे मिळतेच,’ असा सार्वत्रिक मूलभूत उत्पन्नाविरुद्धचा, म्हणजे सरकारने प्रत्येकाला विनाअट ठरावीक रक्कम नियमित देण्याच्या कल्पनेविरुद्धचा, दावा सर्रास फिरतो आहे. त्यातली परवडण्याची शंका तेवढी रास्त आहे.

असंघटित कामगार महिलांच्या ‘सेवा’ संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने २०११-१२ मध्ये मध्य प्रदेशातील काही गावांत प्रत्येक प्रौढाला दरमहा २०० आणि मुलामागे १०० रुपये, पुढे ३०० आणि १५० रुपये, कोणतीही अट न घालता दिले. नवरा-बायको आणि तीन मुलांच्या घरात म्हणजे आधी ७०० रुपये. एवढ्यावर हातपाय पसरून कोण बसणार? उलट अनेकांनी दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी केली आणि बी-बियाणे, जनावरे घेऊन ते स्वतःच्या रानात राबू लागले. ‘मजूर मिळत नाही’ ही तक्रार खरी असू शकते, पण ती मजूर लावणाऱ्याची आहे आणि तिला आळसाचा पुरावा मानता येत नाही. फिनलंडमध्ये २०१७-१८ साली २,००० बेरोजगारांना दरमहा ५६० युरो मिळाले, तिथेही कामाचे दिवस घटले नाहीत. मात्र मधेच बेरोजगार भत्त्याचे नियम बदलल्याने त्या आकड्यावर मी फार भिस्त ठेवणार नाही.

दारूवरचा खर्च वाढल्याचे मध्य प्रदेशात आढळले नाही.

खर्चाचे मात्र तसे नाही. केंद्र सरकारच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने माणशी वर्षाला ७,६२० रुपये धरून ७५ टक्के लोकसंख्येसाठी सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) ४.९ टक्के खर्च मांडला होता. ही रक्कम रेशन बंद करून उभी करायची असेल तर माझाही विरोध आहे, कारण महागाईत नोटेची किंमत घटते, रेशनवरच्या पाच किलो धान्याचे वजन घटत नाही.

राहिला यंत्रांचा मुद्दा. बीडकडचे ऊसतोड जोडपे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन सहा-सहा महिने कारखान्याच्या फडावर जाते. तिथे हार्वेस्टर आला तर त्याला दुसरे काम शोधावे लागेल, आणि ते मिळेपर्यंत घरची चूल पेटवायला पुन्हा कुणाची तरी उचलच घ्यावी लागेल. त्या मधल्या महिन्यांत हजार रुपये हाती असले, तर पुढच्या मुकादमाशी दराची घासाघीस करायला त्याला निदान थांबता येईल.