क्वीन हा एकखांबी तंबू नव्हता

५ सप्टेंबर आणि २४ नोव्हेंबर, म्हणजे ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा जन्मदिवस आणि स्मृतिदिन, जवळ आले की एक मजकूर हमखास फिरतो. ‘पाचगणीत शिकलेल्या पारशी मुलाने एकट्याच्या जोरावर क्वीन उभा केला. गाणी त्याची, आवाज त्याचा, लाइव्ह एडचा कार्यक्रमही त्यानेच जिंकला. बाकीचे तिघे नुसते साथीला.’

फ्रेडीवर माझा जीव आहे. तरीही हा मजकूर दिसला की मला राहवत नाही, कारण ज्या बँडवर मी प्रेम केलं तो यात कुठेच सापडत नाही.

आधी ‘गाणी त्याची’. जगभरच्या स्टेडियममध्ये आज जो ठेका पायांनी आणि टाळ्यांनी वाजतो, त्या ‘वी विल रॉक यू’चा कर्ता गिटारवादक ब्रायन मे. १९७७ मध्ये स्टॅफर्डच्या बिंगले हॉलमध्ये कार्यक्रम संपल्यावरही लोक हलेनात, उलट त्यांनीच बँडसाठी गायला सुरुवात केली. मे विचारात पडला: खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या गर्दीला काय करता येईल? पाय आपटता येतील, टाळी देता येईल, गाता येईल. बस, तेवढ्यावरच गाणं बांधलं. त्यात ड्रमसेट नाही, बास गिटारही नाही. स्टुडिओत जुन्या लाकडी फळ्यांवर पाय आपटून तोच आवाज पुन्हा पुन्हा, थोड्या थोड्या अंतराने एकावर एक चढवला, म्हणून तो हजारोंचा वाटतो. मे मुळात भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. अर्धवट सोडलेली खगोलभौतिकीची पीएचडी त्याने २००७ मध्ये पूर्ण केली. त्याची गिटारही त्याने वडिलांच्या मदतीने घरीच घडवलेली, मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. तो स्वर दुसऱ्या कुणाच्या गिटारीतून येत नाही. याला ‘नुसती साथ’ म्हणवत नाही.

‘अनदर वन बाइट्स द डस्ट’ हे १९८० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेलं गाणं बास गिटार वाजवणाऱ्या जॉन डीकनचं. चौघांत सगळ्यात अबोल माणूस. हेडफोन लावून त्याचा बास ऐका, गाणं अख्खं त्याच्यावर चालतं. ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’ही त्याचंच. ‘रेडिओ गागा’ ड्रमर रॉजर टेलरचं.

‘आवाज त्याचा’ हे बहुतेक खरं आहे. त्या गळ्याला तोड नव्हती आणि पुढेही कुणी तशी जागा भरली नाही. पण ‘बोहेमियन रॅप्सडी’ फ्रेडीने लिहिली असली, तरी तिच्या ऑपेरासारख्या भागातला समूहस्वर फ्रेडी, मे आणि टेलर या तिघांचे आवाज अनेक थरांत रचून उभा राहिला आहे. त्यातला सगळ्यात उंच, टोकदार सूर टेलरचा. अनेक वर्षं मीही तो फ्रेडीचाच समजत होतो.

आता लाइव्ह एड, म्हणजे इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेला मोठा संगीत कार्यक्रम. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, क्वीनची वीस-एक मिनिटं, सहा गाणी. त्यांतली तीन फ्रेडीची, दोन मेची, एक टेलरचं. ‘एऽऽ-ओ’ची ती सवाल-जवाबासारखी तान फ्रेडीचीच, तिथे दुसरा कुणी असता तर ते घडलंच नसतं. पण हात वर करून टाळ्या देणारं अख्खं मैदान, जे दृश्य या मजकुरासोबत नेहमी चिकटवलेलं असतं, ते ‘रेडिओ गागा’चं आहे. टेलरच्या गाण्याचं.

पाचगणीचा मुद्दा मला मनापासून आवडतो. तिथल्या सेंट पीटर्समध्ये फ्रेडी शिकला, शाळेच्या ‘हेक्टिक्स’ बँडमध्ये पियानो वाजवायचा, याचा आपल्याला अभिमान वाटणारच. क्वीन मात्र लंडनचा. मे आणि टेलर आधीच ‘स्माइल’ नावाच्या बँडमध्ये वाजवत होते. त्यांचा गायक बाहेर पडल्यावर १९७० मध्ये फ्रेडी त्यांच्यात आला, डीकन १९७१ मध्ये.

क्वीनचं बोधचिन्ह फ्रेडीने स्वतः काढलं, तो कलाशाळेत शिकलेला होता. त्यात चौघांच्या राशी आहेत: डीकन आणि टेलर यांचे दोन सिंह, मेचा खेकडा आणि कन्या राशीच्या फ्रेडीसाठी दोन छोट्या पऱ्या. सिंह मोठे आहेत, खेकडा वर बसला आहे, पऱ्या खाली आहेत.